बिनकांद्याचे टोमॅटो

२ जानेवारी, शुक्रवार

कृषी केंद्रवाल्याने नव्या वर्षाची डायरी दिली. दर पानाच्या तळाशी एकेका खताची जाहिरात आहे. भगवानरावांनी ती माझ्याकडे सरकवली. "घे वं. अंगणवाडीत रजिस्टरं भरू भरू तुह्या हाताले खाज सुटली असन." नवऱ्याचं नाव इथे बिनधास्त लिहिते आहे. तोंडाने इतक्या वर्षांत घेतलं नाही, पण डायरीला कान नसतात.

खाज खरीच आहे, आणि आज लिहिण्यासारखं घडलंही. माझ्या नणंदेचा, तानाबाईंचा, घाटंजीहून फोन आला. कपिलसाठी स्थळ आहे! मुलगी यवतमाळची, खुशी नावाची. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. मुख्य म्हणजे मुलगा शेती करतो हे ऐकूनही त्या लोकांनी फोन ठेवला नाही.

आमचा कपिल तेहतीस वर्षांचा. शेतीची डिग्री घेतलेला, उंचापुरा, सुपारीचंही व्यसन नाही. पण नकार इतके आले की मी मोजायचं सोडून दिलं. नेरच्या एका मुलीच्या बापाने तोंडावर सांगितलं, शिपाई चालेल पण शेतकरी नको. त्या दिवशी कपिल हसत हसत शेतात गेला आणि मी मोरीत जाऊन रडले. या पोराचा संसार उभा राहिलेला मला पाहायचा आहे. दुसरं काही मागणं नाही.

एक अट आहे. अठरा तारखेला मुलगी स्वतः मुलगा पाहायला येणार, आणि मुलाने स्वतःच्या हाताने काहीतरी करून तिला खाऊ घालायचं. "ते म्हणते, मी नोकरी बी करीन अन् स्वयंपाक बी एकटीच करीन, असं जमणार नाही," तानाबाई म्हणाल्या. म्हटलं, बरोबर बोलते पोरगी. फोन ठेवल्यावर आठवलं की आमच्या कपिलला चहासुद्धा येत नाही.

४ जानेवारी, रविवार

सकाळी खिचडी करपली. दुपारी दूध उतू गेलं आणि गॅस विझला तरी साहेब मोबाईल पाहत उभे. संध्याकाळी माझ्या माहेरच्या कढईचा तळ काळा केला. मी हात जोडले. "बापा, तू गॅसजवळ फिरकू नको. लगन राहिलं बाजूले, घर जाळशीन."

एवढ्यात समीक्षा आली. आमच्या गल्लीतल्या हंसाबाईंची मुलगी. तीन वर्षांपूर्वी सासरहून कायमची परत आली. नवऱ्याचा हात उठायचा, सोडचिठ्ठी झाली. आता घरामागे हिरवी जाळी बांधून रोपवाटिका चालवते. मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं न्यायला नेरपर्यंतचे लोक येतात. मोठी गुणी पोरगी, पण नशीब फुटकं. मी तिला माझ्या हातचे पोहे दिले. तिने नेहमीप्रमाणे कांद्याचा एकेक तुकडा वेचून बशीच्या कडेला रांगेत लावला. पोरीची ही एकच खोड मला आवडत नाही. कांदा पाहिला की नाक मुरडते.

सगळी कहाणी ऐकून ती पोट धरून हसली. "काकू, गॅस कायले पाहिजे? परसात एवढे टमाटर लदले आहेत. कच्चेच भरा. आतमंधी काही बी भरता येते."

ही झाडं तिच्याच रोपांची. कपिलने दसऱ्यानंतर लावली, आणि एवढा जीव लावला की कापसालाही लावत नाही. रोज सकाळी दात घासायच्या आधी टोमॅटोला पाणी.

"मी भरतो," कपिल लगेच म्हणाला. इतक्या लवकर तो माझं कधी ऐकत नाही.

६ जानेवारी, मंगळवार

पहिला प्रयोग. टोमॅटोची टोपी कापायची, चमच्याने आतला गर काढायचा आणि पोकळीत कच्चा चिवडा भरायचा. मुरमुरे, कच्चं तेल, तिखट, मीठ आणि वरून हिरवागार सांबार. (डायरीत कोथिंबीर लिहिणार होते, पण हात वळला नाही.)

मी कांदा चिरायला घेतला तर कपिलने सुरी काढून घेतली. "कांदा नको."

"काहून?"

"नको म्हटलं ना. वास येते."

कांद्याशिवाय कच्चा चिवडा म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. जन्मभर भाकरीबरोबर कांदा फोडून खाणाऱ्या पोराला आज वास यायला लागला! मग डोक्यात प्रकाश पडला. खुशीचा नंबर तानाबाईंनी त्याला दिला आहे. दोघं बोलत असणार आणि तिला कांदा चालत नसणार. मनात म्हटलं, असू दे. बिनकांद्याची सून मी निभावून नेईन.

दहा मिनिटांत टोमॅटोला पाणी सुटलं आणि चिवड्याचा गारा झाला. भगवानरावांच्या ताटात गराची चटणी पडली.

८ जानेवारी, गुरुवार

समीक्षाने चूक पकडली. "गर काढला की आतून मीठ लावाचं अन् टमाटर चाळणीवर पालथं घालाचं. त्याचं रडणं होऊ द्याचं. मंगच भराचं." शिवाय गुळगुळीत टोमॅटो ताटात गडगडतात, तर भोपळ्यासारख्या कळ्या पडलेले, बसकट गावठी घ्यायचे, ते आपोआप बूड टेकून बसतात. आज मोड आलेली मटकी, ओलं खोबरं आणि लिंबू भरलं. काय सुंदर दिसत होतं ते ताट! भगवानरावांना गराचं सार.

कपिल आज दोनदा रोपवाटिकेत जाऊन आला. शेणखताचं विचारायला, म्हणे. आमच्याच उकिरड्यावर ट्रॉलीभर शेणखत पडलं आहे. पण पोरगं या टोमॅटोंचं इतकं मनावर घेतंय की मला भरून येतं. लग्नाची खरी ओढ लागली आहे त्याला.

११ जानेवारी, रविवार

आज स्वयंपाकघरात नुसती जत्रा. फडक्यात बांधून टांगलेलं घट्ट दही, त्यात जवसाची चटणी, वर डाळिंबाचे दाणे. हे समीक्षाचं. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, कैरी मिळाली नाही म्हणून चिंच, हे कपिलचं. कोणाचं चांगलं यावर दोघांचं भांडण जुंपलं. न्यायाधीश मी. मी दह्याच्या बाजूने निकाल दिला तर कपिलला हरल्याचा आनंद झाला. असं हरून खूश होणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

भगवानराव कापूसवेचणीवरून आले आणि ताटाकडे बघून ओरडले. "पुन्हा गरच काय वं? भरलेले टमाटर कोण खाऊन राह्यलं मंग? पोराच्या लगनापायी बापाच्या पोटात नुसता गरच गर!"

समीक्षा गेल्यावर मी कपिलला हळूच विचारलं, "खुशी काय म्हणते?"

"कोण खुशी?" तो म्हणाला.

तयारीत इतका बुडाला आहे की मुलीचं नावही विसरला. तानाबाईंना फोन करून सांगितलं तर त्याही हसल्या.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

आमच्याकडे हळदीकुंकू झालं. गल्लीतल्या सगळ्या सुवासिनी आल्या. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे दिले. हंसाबाई आल्या, पण कुंकू लावून घेतलं आणि चहा न घेताच उठल्या. पाय दुखत असतील.

समीक्षाला बोलावलं नाही. बोलवायची पद्धत नाही. सोडचिठ्ठी झालेल्या बाईला कुंकवाला कोण बोलावतं? मला तसं वाईट वाटलं, पण मी एकटी काय करणार? म्हणून कपिलच्या हाती तिळगुळाचं ताट पाठवलं. तर याने काय करावं? सगळ्यात देखणा टोमॅटो तोडला, पोखरला, त्यात तीळ आणि गूळ भरला आणि ताटाच्या मधोमध ठेवला. गोड टोमॅटो! वेड लागलं आहे.

ताट घेऊन निघताना दाराशी थांबून मला म्हणाला, "आई, अजून कोणाले बोलवाचं राह्यलं का?" मी म्हटलं, "नाही रे, सगळ्या येऊन गेल्या." तो ताट सावरत बाहेर पडला. परत आला तो न जेवताच झोपला. अठरा तारखेचं टेन्शन असेल.

१५ जानेवारी, गुरुवार

कपिल बोलत नाही. समीक्षा फिरकली नाही. टोमॅटो नाहीत. जेवताना भगवानरावांनीच विचारलं, "आज गर नाही काय?" घर सुनं वाटलं.

१७ जानेवारी, शनिवार

"तानाआत्याले शब्द देला आहे, तं करतो," म्हणून कपिल आज एकटाच बसला. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून आणला, बारीक चिरला, भुईमुगाच्या फल्लीदाण्याचा कूट, हिरवी मिरची, लिंबू पिळून भरला. कांदा नाही, हे आता सांगायलाच नको. मी एक चाखला. आंबट, तिखट, करकरीत, आणि खाली टोमॅटोचा गार गोडवा. सांगते, नेरच्या कोणत्याही हॉटेलात असं मिळणार नाही. पण पोराच्या तोंडावर हसू नव्हतं.

१८ जानेवारी, रविवार

आजचं आजच लिहिते.

खुशी आली. सोबत आई, वडील आणि तानाबाई. मुलगी फोटोपेक्षा छान, बोलायला मोकळी. आल्या आल्या परसात जाऊन झाडं पाहिली. कपिलने ताट आणून ठेवलं. कळीदार लाल टोमॅटो, त्यांच्या टोप्या जरा तिरक्या, खाली हरभऱ्याचा पाला. तिने एक उचलला आणि दोन घासांत संपवला.

"एक नंबर! खरंच तुम्ही केले?" मग माझ्याकडे वळली. "काकू, कच्चा कांदा आहे काय थोडा? मले त्याच्याशिवाय मजा येत नाही."

मी म्हटलं, "अगं, तुला कांदा चालत नाही ना? म्हणून तर हा पंधरा दिवस झाले कांद्याला हात लावत नाहीये."

"मले? कोण म्हणालं? मी तं पोळीसोबत बी कांदा खाते."

मी कपिलकडे पाहिलं. तो फरशीकडे पाहत होता. भगवानरावांकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते. आणि मला पोह्यांची बशी दिसली. बशीची कड आणि कडेला लावलेली कांद्याची रांग.

कांदा आणते म्हणून आत गेले आणि हातात कांदा धरून ओट्याशी उभी राहिले. चिरला नव्हता तरी डोळ्यांत पाणी. शेणखत, गोड टोमॅटो, हरल्याचा आनंद, सगळं एकदम समोर आलं. अंगणवाडीत पोराचं वजन पावशेरने घटलं तर माझ्या नजरेतून सुटत नसे. आणि स्वतःचं पोर असं डोळ्यांसमोर वाळत होतं.

खुशी मागोमाग आली. "द्या काकू, मी चिरते." भराभर चिरता चिरता हळूच म्हणाली, "त्यांच्या मनात दुसरी कोणी आहे, नाही का?"

"मला आत्ता कळलं गं," मी म्हटलं. खोटं काय बोलायचं?

"बरं झालं, आजच कळलं," ती म्हणाली. बाहेर जाऊन कांदा घालून आणखी दोन टोमॅटो खाल्ले आणि वाटेसाठी चार डब्यात भरून नेले. देव तिचं भलं करो. चांगल्या घरी पडेल ती.

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी भगवानरावांवर भडकले. "तुमाले ठाऊक होतं?"

"मी दिवाळीपासून पाहून राह्यलो. तू लिहिते लई, पाहते कमी. काखेत कळसा अन् गावाले वळसा."

कपिलला समोर बसवलं. तो आधी उठून जायला लागला. मग म्हणाला, "मी तिले दिवाळीतच विचारलं, आई. ते म्हणाली, ज्या घरात मले हळदीकुंकवाले बोलवत नाही, त्या घरात मी सून होऊन कशी येऊ? तुह्या आईनं आपल्या मनानं बोलावलं, तं पाहू."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"सांगून बोलावलं असतं तं त्याले आपलं मन कसं म्हणाचं? मी संक्रांतीची वाट पाहून राह्यलो होतो."

त्या दिवशी दाराशी उभं राहून पोराने मला विचारलंसुद्धा होतं.

२१ जानेवारी, बुधवार

दोन दिवस डोक्याचा भुगा झाला. खरं खरं लिहिते. मला भीती वाटते. तानाबाई काय म्हणतील, भावकी काय म्हणेल, बिनलग्नाच्या पोराला सोडचिठ्ठीची बायको! मग स्वतःचीच लाज वाटते. गरोदर बायांना मी वर्षानुवर्षं सांगत आले, शकुन-अपशकुन काही नसतं. आणि स्वतःच्या ओट्यावर कुंकवाचा करंडा घेऊन बसले की मीच सगळ्यात जुनी बाई.

पण एक गोष्ट पक्की आहे. या पंधरा दिवसांत माझ्या घरात जेवढं हसू होतं तेवढं कधीच नव्हतं. आणि ते खुशीमुळे नव्हतं.

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येतं. रविवारी रथसप्तमी आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार

आमंत्रणाला निघाले. पहिलं घर हंसाबाईंचं. समीक्षा जाळीखाली कोपरापर्यंत मातीत हात घालून बसली होती. मी म्हटलं, "परवा माझ्याकडे हळदीकुंकू आहे. तू यायचं. पहिलं बोलावणं तुझं."

तिने हात मातीतून काढून पुसले.

मी सांगून टाकलं, "मला कपिलने सांगितलं म्हणून आले. खोटं बोलणार नाही. खरं तर चौदा तारखेलाच यायला पाहिजे होतं. बुद्धी उशिरा आली."

"पाहते, काकू," ती म्हणाली आणि रोपाच्या पिशवीत माती भरू लागली. एवढंच. हंसाबाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

बाकी घरं केली. दोघीतिघींनी "तिलाही बोलावलं?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, "हो. तिलाच आधी."

२५ जानेवारी, रविवार. रथसप्तमी

वाण काय द्यायचं हे ठरलेलं होतं. सकाळपासून मी एकटी बसले. कपिल आणि भगवानराव दोघांनाही आत यायला बंदी. बसकट टोमॅटो निवडले, टोप्या कापल्या, गर काढला, हरभऱ्याचा पाला आणि कूट भरला. कांदा नाही.

दुपारी बायका जमल्या. तानाबाई गाल फुगवून घाटंजीहून आल्या होत्या. मी एकेकीला कुंकू लावत होते आणि डोळे फाटकाकडे. उन्हं कलली. कपिल परसात उगाचच ओल्या मातीत पाणी घालत होता. एकीने विचारलं, "आता कोणाची वाट पाहून राह्यल्या?" मी कुंकवाचा करंडा पुसायला घेतला. मनात म्हटलं, झालं. आपण संधी घालवली.

आणि फाटक वाजलं. पुढे हंसाबाई, मागे समीक्षा. मोरपंखी साडी, केसांत शेवंती. मी करंडा उचलला आणि एवढ्या घाईने पुढे झाले की कुंकू तिच्या नाकावर सांडलं. तानाबाईंनी फुगवलेल्या गालांनीच पदर पुढे केला आणि तिचं नाक पुसलं. "नाकावर कुंकू सांडलं तं सासू लाड करते म्हणतात," त्या म्हणाल्या. मला ठाऊक आहे, तानाबाईंनी हे तिथल्या तिथे रचलं. पण रचलं.

मी तिच्या हातावर वाण ठेवलं. तिने टोपी उचलली, आत डोकावली. कांदा नाही हे तिने पाहिलं आणि मी पाहते आहे हेही पाहिलं. मग घास घेतला, आणि टोमॅटोचं पाणी तिच्या कोपरावरून थेट मोरपंखी साडीवर.

"काकू!" ती ओरडली. "मीठ लावून पालथे घातलेच नाही तुम्ही!"

खरंच नव्हते घातले. सकाळपासून जीव थाऱ्यावर होता कुठे? मी म्हटलं, "विसरले. तू ये ना घरी, शिकव मला."

ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. मग परसाच्या दाराकडे पाहिलं, जिथे कपिल हातात पाण्याची नळी घेऊन स्वतःचेच पाय भिजवत उभा होता.

"कधी येऊ?" ती म्हणाली.

हंसाबाई रडायला लागल्या, मी रडायला लागले, आणि मागून एकीने मोठ्याने विचारलं, "वं, याच्यात कांदा टाकाचा राह्यला काय?" सगळ्या बायका खदाखदा हसल्या.

बायका गेल्यावर भगवानरावांसाठी मुद्दाम राखून ठेवलेले दोन टोमॅटो दिले. त्यांनी टोपी उचलून आत बोट घालून पाहिलं. "भरलेलं हाय का खरंच?" कपिलने तेवढ्यात कांद्याची टोपली उचलली आणि माळ्यावर नेऊन ठेवायला निघाला. मी ती हिसकावून परत ओट्याखाली ठेवली. म्हटलं, तिला नको तर नको, आम्ही बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?